दहा मिनिटांची हिरवळ

सकाळचे दहा वीस. रुग्णालयाचा तळमजला, चौकशीच्या खिडकीसमोरचं दालन. मधोमध काचेच्या पेटीत नव्या कर्करोग संकुलाचं मॉडेल.

— नाही हो, काचेला टेकू नका, आत्ताच पुसलीय, चार वाजता मोठी माणसं यायचीत... काय म्हणालात? शेक द्यायचं मशीन? ते किरणांचं? दुरुस्त झालं का? ते मला कशाला विचारता, मी इथला नाही. मी मॉडेल करणारा — हे टॉवर, ही झाडं, ही मुंगीएवढी माणसं, हे माझं काम. टॉवरमधला दिवा गेलाय म्हणून बोलावलंय. चौकशीच्या खिडकीत विचारा. — खिडकीत कुणी नाही? मग चहाला गेली असेल बाई. माझ्याकडे पाठवलं कुणी तुम्हाला? पहारेकऱ्यानं? तो येईल त्याला इथंच पाठवतो, म्हणतो, मॉडेलमध्ये बघा, सगळं आहे त्यात. खोटं नाही बोलत तो. सगळं आहेच. बसा. वडिलांसाठी आलात की आईसाठी? — असू दे, नका सांगू. बसा.

हे बटण दाबा. दाबा हो, लहान मुलंसुद्धा दाबून जातात. निळं पेटलं ना — ते प्रोटॉन केंद्र. म्हणजे काय ते मलाही विचारू नका, मी फक्त निळा दिवा लावलाय. हे छपरावर हेलिकॉप्टर उतरणार. ही बारीक नळी दिसते? तुमचं रक्त हिच्यातून हवेच्या दाबानं थेट प्रयोगशाळेत. खाटा आपल्या आपण चालत जाणार. तुमच्या पेशी बघून औषध तुमच्या एकट्यापुरतं बनणार, शेजारच्या खाटेवरच्याला वेगळं. चौदा महिने या बैठकांना बसलोय मी. एवढी हुशार माणसं, एवढं पुढचं बघणारी — वीस वर्षांनी रोगी कुठल्या दारानं आत येईल ते सांगायची. उद्या सकाळी कुठल्या दारानं येणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मॉडेलवाल्यानं बोलायचं नसतं, त्यानं कापायचं आणि चिकटवायचं.

तुमचं मशीन होतं ती इमारत आठवते ना? बैठी, बिनखिडक्यांची, माणूस आडवा झोपेल एवढ्या जाड भिंतींची. ती इथं होती. हो, इथं, जिथं हिरवळ दिसतेय तिथं. — थांबा, ऐका आधी. आमच्या कामात एक रीत असते. नव्या इमारती पारदर्शक करायच्या, जुन्यांपैकी राहणाऱ्या त्या साध्या लाकडात, न रंगवता, आणि पाडायच्या असतील त्या करायच्याच नाहीत. ही मी लाकडात केली होती. शपथेवर सांगतो. खाली दोन खुंट्या देऊन सुटी ठेवली होती, कारण चौथ्या वर्षी नवा शेकाचा विभाग उभा राहणार आणि मगच ही उचलायची, असं ठरलेलं. चौथ्या वर्षी! आराखड्यात लिहिलेलं आहे.

आता ती तिथं का नाही — मी सांगत बसलोय खरं, पण तुम्ही कुठं बोलू नका. मंजुरीचा दिवस होता. फोटोवाला आलेला. मुख्य नियोजक मला म्हणतात, "अहो कारागीर, तो ठोकळा काढा जरा, किडलेल्या दातासारखा दिसतोय. दहा मिनिटं. फोटो झाला की लावा परत." मी काढला. खुंट्यांची भोकं दिसायला लागली, म्हणून वर हिरवा भुसा टाकला — झाली हिरवळ. आता, तुकडा काढला की मॉडेलच्या पाटीवर चिठ्ठी लावायची, "तुकडा काढला आहे", वेळ आणि सही. ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं: सुरी विसर, चिठ्ठी विसरू नकोस. तीस वर्षं विसरलो नाही. त्या दिवशी पेन हातात घेतलं आणि फोन वाजला. ताईचा. "झालं माझं, ये न्यायला, इथं बाकावर बसून पाठ मोडली." तिसरा शेक होता तिचा. त्याच इमारतीत.

हो, माझी मोठी बहीण. सांगितलं नव्हतं का मघाशी? तिच्याचमुळे तर मला त्या इमारतीची जाडी-उंची न मोजता माहीत होती.

गेलो तिला आणायला. ठोकळा शर्टाच्या खिशात. रिक्षात तिनं बघितला, म्हणाली, "हे काय रे?" म्हटलं, "तुझं शेकाचं घर." हातात धरून हसली. म्हणे, "एवढंसं? मग मी आत मावते कशी?" घरी नेऊन औषधांच्या फळीवर ठेवला तिनं. उद्या नेईन म्हणालो मी. उद्या दुसरं काम निघालं.

आणि इकडे फोटोवर सात सह्या झाल्या. सात! फोटो कामाच्या आदेशाला जोडला, कारण आराखडा कुणाला वाचता येत नाही, फोटो सगळ्यांना कळतो. पायाभरणीची तारीख ठरलेली, ठेकेदाराला घाई. त्यानं फोटो बघितला, जागेवर इमारत बघितली — फोटोत नाही ती पाडायची, सरळ हिशेब. शेकाच्या डॉक्टरबाईंनी तीन पत्रं लिहिली. उत्तर काय आलं ठाऊक आहे? "मंजूर मांडणीत सदर इमारत दिसत नाही." बाई आराखडा घेऊन धावल्या, तर म्हणाले, आराखडा फोटोच्या आधीचा आहे. शुक्रवारी मशीन उघडून पेट्यांत भरलं, रविवारी भिंती फोडायला घेतल्या — दोन दिवस फुटत नव्हत्या, एवढ्या पक्क्या. सोमवारच्या यादीत त्रेसष्ट माणसं होती. ती आली आठ वाजता, तर फाटकाला कागद: "दुरुस्तीसाठी बंद."

मी गप्प बसलो असं समजू नका. गेलो नियोजकांकडे, म्हटलं, साहेब, तो ठोकळा माझ्याकडे राहिला. ते चष्मा पुसत म्हणाले, "अहो, एवढं मोठं संकुल काय तुमच्या ठोकळ्यावर चालतं? निर्णय समितीचा असतो." बरं वाटलं क्षणभर. मी दारापर्यंत पोचलो तर मागून म्हणाले, "आणि हिरवळ तुम्ही टाकलीत, मी नाही सांगितली." आता बोला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, मीच तो दांडा, लाकूडसुद्धा माझंच.

ताईचे तेहतिसातले एकोणीस शेक झालेत. खंड पडला की आधीचेही वाया जाऊ शकतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या — माझ्याकडे न बघता म्हणाल्या. दुसऱ्या रुग्णालयात नऊ आठवड्यांची रांग. तिच्या गळ्याखाली शेकासाठी जांभळ्या रेघा काढल्यात, त्या पुसायच्या नाहीत, पुसल्या तर मापं पुन्हा पहिल्यापासून. ती बिचारी मानेला पाणी लावत नाही. तरी फिकट होतात. मग मला म्हणते, "तुझा हात स्थिर आहे, जरा गडद करून दे." दर तीन दिवसांनी मी प्लास्टिकवर खुणा करायच्या पेनानं माझ्या बहिणीच्या गळ्याखाली रेघ ओढतो. हात स्थिर असतो. त्याचंच नवल वाटतं. तिला वाटतं मशीनचा कुठला भाग यायचाय बाहेरून. मी म्हणतो, येईल गं. आज निघताना तिनं फळीवरून हा ठोकळा काढून दिला — हा बघा — म्हणाली, "जातोयस तर लावून ये जागेवर. दुसऱ्याची वस्तू कशाला आपल्याकडे?"

लावू का? खुंट्या बसतील अजून, भुशाखाली भोकं आहेत. पण चार वाजता विचारतील, हे काय मध्येच? काय सांगू?... तुम्ही का उठलात? आणि ही फाईल — वडिलांची ना? मग तुमच्या कॉलरखाली... थांबा. ती जांभळी रेघ. तुमचीच आहे होय फाईल? म्हणजे त्या सोमवारी, त्रेसष्टातले तुम्ही... कितवा झाला होता? बाविसावा.

मला काय माहीत. मी तुम्हाला वडिलांसाठी आलेला समजलो. असे बघू नका माझ्याकडे. मी फक्त — रेघ फिकट झालीय हो तुमची. घरी कुणी गडद करून देतं का?

जा तुम्ही. ती बाई आली खिडकीत, जा, तिला विचारा, माझं नाव सांगू नका. मला दिवा बसवायचाय. आणि ती म्हणाली की मशीन बिघडलंय, तर तिला सांगा, बिघडलेलं नाही. जनरेटरच्या शेडमागे सात पेट्यांत आहे, ताडपत्रीखाली, चालू स्थितीत. शेक बंद होऊन आज त्रेचाळिसावा दिवस.