जिल्ह्याबाहेर दिलेली पोरगी

जिल्हा तुटला तेव्हा सगळ्यात जास्त बोलणी कोणी खाल्ली माहीत आहे? आमच्या गोरेगावच्या मामानं.

झालं असं, की शीलाताईचं लग्न जुळवताना मामीची एकच अट होती, "पोरगी जिल्ह्याबाहेर द्याची नाही." मामानं साकोलीचं स्थळ पाहिलं. तेव्हा गोरेगाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीही भंडाऱ्यातच. मामी खूश.

ताई नांदायला गेली आणि वर्षभरात सरकारनं गोंदिया जिल्हा वेगळा काढला. गोरेगाव गोंदियात आलं, साकोली भंडाऱ्यातच राहिली.

"दिली ना शेवटी जिल्ह्याबाहेर!" मामी कडाडली.

"मी कुठं दिली? सरकारनं नेली!"

तेव्हापासून दर दिवाळीला, ताई सासरी जायला निघाली की हे भांडण ठरलेलं.

यंदा ताईच्या पोरीला स्थळ आलं, तेही थेट गोरेगावचं, मामीच्या गल्लीतलं! पण जावई अडून बसले. म्हणाले, "मामाजी, आमी पोरगी जिल्ह्याबाहेर देत नाही."

मामा काही बोलणार, तोच मामी चहा घेऊन बाहेर आली.

"बाहेर कुठं, जावईबापू? भंडारा न् गोंदिया एकच त होय! सरकारनं कागदावर रेघ मारली म्हणून का जिल्हा तुटते?"

जावई हसले, हो म्हणाले. मामानं बशीतला चहा तसाच खाली ठेवला.

"मंग इतके वर्स मी शिव्या कायले खाल्ल्या?"