‘सुरुवात नाही’ या रकान्यात

मी मूळची आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर, आम्ही तिघी बहिणी, अन् घरी येणारा प्रत्येक जण शाळेबद्दलच बोलायचा, त्यामुळे दुसरं काही करावं असं आमच्या डोक्यातच आलं नाही. तपासणीचे साहेब येणार असले की बाकीचे मास्तर हुशार पोरं पुढच्या रांगेत आणायचे. बाबा म्हणत, रोज बसता तसेच बसा. त्यांच्या वर्गाला कधी शाबासकी मिळाली नाही. आई चिडायची, बाबा मुकाट जेवत. असो, मी काय सांगत होती, हां, नागपूरला बी.एस्सी., बी.एड. केलं, चार वर्षं गणित शिकवलं, मग लग्न झालं अन् ह्यांच्यासोबत अमेरिकेत ओहायोला आली. ह्यांची आयटीतली नोकरी, घर तिथल्याच डब्लिन गावात.

काय सांगू तुम्हाला, पहिली कितीतरी वर्षं व्हिसामुळे मला कामच करता येत नव्हतं. मुलगी ऋचा शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिथल्या लायब्ररीत मी व्हॉलंटियर करायची, पुस्तकं लावायची, अन् बाजूच्या वर्गातून टीचरचा आवाज आला की हात तसाच थांबायचा. मग ग्रीन कार्ड आलं, परत परीक्षा दिल्या, शिकवायचं लायसन्स काढलं अन् जवळच्या एका छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये पाचवीवर लागली. नाव नका लिहू त्याचं. डिस्ट्रिक्ट म्हणजे आसपासच्या शाळांचा मिळून एक कारभार, कोणता अभ्यासक्रम, कोणतं पुस्तक, सगळं तिथे ठरतं.

माझ्या शेजारच्या वर्गात केलर बाई होत्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, उंच, पांढरे केस, कायम स्वेटर. माझं नाव त्या शाय-ला असं तोडून म्हणायच्या, मी कधी सुधारलं नाही. बर्फ पडला की पोरांचे बूट कुठे ठेवायचे, पालक रागावून आले तर आधी पाणी कसं द्यायचं, माझं इंग्लिश पोरांना कळलं नाही तर फळ्यावर चित्र कसं काढायचं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. दुपारी त्या त्यांचं सँडविच अन् मी माझी पोळीभाजी, एकाच टेबलावर, चौदा वर्षं. तो टेबल अजून आहे, पण आता त्याच्यावर प्रिंटर ठेवलाय बापा.

मग मला मॅथ कोच केलं. म्हणजे पोरांना नाही, टीचर लोकांना मदत करायची. त्याच सुमारास डिस्ट्रिक्टनं गणिताचा नवीन अभ्यासक्रम आणला, चांगला होता, मला आवडला होता, पोरांनी उत्तर नुसतं लिहायचं नाही तर एकमेकांना समजावून सांगायचं. अन् दर वसंतात आपणच आपलं तपासायचं की हे किती रुजलं. त्याचा एक फॉर्म. वर्गात मागे बसायचं, पाहायचं, अन् चारपैकी एका रकान्यात खूण करायची. सुरुवात नाही, थोडं, बरंचसं, पूर्ण. सगळ्या खुणा मिळून रिपोर्ट बोर्डापुढे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या मंडळापुढे जातो.

दुसऱ्या वर्षी माझ्या यादीत केलर बाईंचा वर्ग आला. मी गेली, मागे बसली. त्या अपूर्णांक शिकवून राहिल्या होत्या, त्यांच्या जुन्या वर्कशीटवरून, पोरं खाली मान घालून गणितं सोडवत होती. नवीन पुस्तकांचा गठ्ठा कपाटावर, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. तास संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, शाय-ला, काय लिहिणार तू? मी म्हटलं, बरंचसं लिहू का? बाई, माझ्या तोंडून ते निघालं खरं. त्या कपाटाकडे पाहत राहिल्या, म्हणाल्या, तू पाहिलं ते लिही. अन् पोरांना घेऊन जेवायला गेल्या.

मी गाडीत बसून राहिली. त्यांच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं. शेवटी ‘सुरुवात नाही’वर खूण केली.

डिस्ट्रिक्टच्या मीटिंगमध्ये पडद्यावर सगळ्या शाळा दिसत होत्या, सगळीकडे बरंचसं, बरंचसं, अन् माझ्याच शाळेपुढे वेगळं. डेव्हिड म्हणून आमचे वरचे साहेब, चांगला माणूस, मऊ आवाजात म्हणाले, तुला खात्री आहे? मी म्हटलं, वर्गाची खूण बरोबर आहे, फॉर्म अपुरा आहे. ट्रेनिंग ऑगस्टमध्ये एकच दिवस झालं, पुस्तकं आली ऑक्टोबरमध्ये, त्यानंतर त्या बाईंजवळ कोणी बसलं नाही, मीसुद्धा नाही, अन् मी त्यांच्याबरोबर रोज जेवते. हे कुठल्या रकान्यात लिहू, सांगा. मग दुसऱ्या शाळेची प्रिन्सिपल, खाली पाहत, म्हणाली की मी खुणा ऑफिसात बसून केल्या, वर्गात गेलेच नाही. मग आणखी एक जण तसंच म्हणाला.

सगळं परत तपासलं. त्या वर्षी बोर्डापुढे गेला तो रिपोर्ट ‘थोडं’चा. डेव्हिड साहेबांना बोलणी खावी लागली, पण त्यांनी तो बदलला नाही. फॉर्मवर खाली एक ओळ आली, टीचरला काय मदत हवी. अन् कोच लोकांनी दर महिन्याला प्रत्येक वर्गात बसायचं ठरलं.

केलर बाई मात्र माझ्याशी बोलेनात. त्या आपल्या खोलीतच जेवायच्या. मी त्या टेबलावर एकटी बसायची. सप्टेंबरात एक दिवस त्या दारात आल्या, हातात नवीन पुस्तक, प्लास्टिक काढलेलं. म्हणाल्या, आधी तू शिकव, मी पोरांच्यात बसते. अन् खरंच बसल्या हो, एवढ्या उंच बाई, त्या बुटक्या खुर्चीत गुडघे वर करून. मी कागदाच्या पट्ट्या दिल्या, अर्ध्याचे तीन भाग करा म्हटलं. त्यांच्या शेजारची मुलगी त्यांना समजावून सांगू लागली, अन् त्या खरंच विचारून राहिल्या होत्या, मग हा सहावा भाग कसा? ती परत समजवायची. पुढच्या तासाला त्यांनी शिकवलं, मी बसली.

त्या वर्षी त्यांच्या वर्गावर ‘बरंचसं’ची खूण झाली. मी नाही केली, माझ्या मैत्रीचा प्रश्न नको म्हणून दुसऱ्या कोचला पाठवलं होतं.

आता त्या रिटायर आहेत, गुडघे गेलेत, वृद्धांच्या एका वसाहतीत राहतात. शनिवारी मी जाते. ऋचा म्हणते, मॉम, यू गो देअर मोअर दॅन यू कॉल मी. मी हसते, खरं आहे ते. केलर बाईंना हल्ली आठवत नाही नीट, कधी मला ऋचाच समजतात, तिला त्यांनी लहान असल्यापासून पाहिलंय, कधी विचारतात आज शाळेला सुट्टी आहे का. मी हो म्हणते, मग आम्ही खिडकीशी बसतो, मी पोळीभाजी नेलेली असते, त्या दोन घास खातात. पुढच्या जूनमध्ये मीही सोडणार. नवीन कोच पोरी चांगल्या आहेत, वर्गात जाऊन बसतात. त्यांना शेजारच्या खोलीत कोणीतरी असं मिळो, एवढंच म्हणणं आहे माझं. बाकी सगळं शिकता येतं.