पोकळ करंज्या

शैला शहागंजात हर्सूलच्या बसची वाट पाहत होती. कडेवरचं पोर किरकिरत होतं, पण तिचे कान शेजारच्या दोन बायकांकडं लागले होते.

"व्हय गं आवडाबाई, करंज्यांच्या कडा उघड्याच तळल्या? अन् आत सारणबी नाय!"

"तुरुंगाच्या दारावर फोडून तपासतात, साळूबाई. मागल्या बारीला लेकाच्या हाती नुसता चुरा गेला."

"पोकळ बघून म्हणंल, माय अजून रागावलीय."

"रागावलीच हाय मी. लई."

"मग ने तशाच."

"नको. चल, त्या दुकानातून डाळ्याचं कूट अन् गूळ घेऊ. स्वस्तात भागंल. इथंच भरते."

"आता बस येईल! अन् भरल्यावर फोडतीलच की."

"फोडू दे. चुरा गोड तरी लागंल."