इलिशच्या मापाचं गाणं

माझ्या गोष्टींवर कुणी विश्वास ठेवत नाही, पण ही मी धर्मतल्ल्यात हारानदांच्या दुकानात, बिघडलेला रेडिओ मांडीवर घेऊन बसलो असताना याच कानांनी ऐकली. माझ्या पुढचं गिऱ्हाईक होते सुबिमलबाबू. त्यांनी जुन्या बाजारातून घेतलेला रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त होऊन समोर होता.

“दादा, हा जरा बिघडवून द्या.”

“काय? अहो, महिनाभर खपलोय! नवी सुई, नवा पट्टा. आवाज कसा खणखणीत आहे!”

“खणखणीत आहे, पण घाईत आहे. आमचा जुना हळू फिरायचा.”

“म्हणजे पट्टा सैल होता. तेव्हाच आणायचात.”

“माझी बायको बकुल आणू द्यायची नाही. गाणं लावून ती इलिश तळायला टाकायची. पहिलं कडवं संपलं की मासा उलटायची, गाणं संपलं की उतरवायची. ती गेली, आणि मी रागाच्या भरात तो विकून टाकला.”

“आणि आता?”

“तीच रेकॉर्ड लावतो, तीच कढई. गाणं संपतं, मासा कच्चाच.”

“मग आच वाढवा ना, मोशाय!”

“आचही तिचीच आहे, दादा.”

“चाळीस वर्षांत मी मशीन बिघडवलेलं नाही.”

“एकदा बिघडवा.”

हारानदांनी पुटपुटत एक जुना, ढिला पट्टा चढवला. गाणं रेंगाळत निघालं.

“अजून सैल करू?”

“श्श! थांबा… हं. इथे ती उलटायची.”

दुकानात मासा नव्हता. वास मात्र आला, शप्पथ.