नुसती मिरवणारी फुलं

सून : बाबा, थांबा! कात्री खाली ठेवा आधी!

सासरे : अगं, केवढ्यानं ओरडतेस! बोट कापलं असतं माझं.

सून : ते फूल का कापताय?

सासरे : बिनकामाचं आहे म्हणून. हे बघ, मागे इवलासा भोपळा नाही, काही नाही. नुसता लांब देठ आणि वर हा तोरा. वेलाचं खातात आणि मिरवतात. रोज सकाळी छाटून टाकतो.

सून : रोज?

सासरे : जन्मभर कपडे शिवले गं मी. लोंबता दोरा दिसला की हात शिवशिवतात.

सून : अहो बाबा, म्हणूनच भोपळे धरत नाहीत! ही नरफुलं आहेत. सगळे नवरदेव दारातूनच हाकललेत, आणि वर विचारताय पाळणा का हलत नाही!

सासरे : काय सांगतेस! अगं, मी माती बदलली, खत बदललं, त्या बिचाऱ्या मुंग्यांना नाही नाही त्या शिव्या घातल्या...

सून : आणि चोर घरातच.

सासरे : हसू नकोस. पुढच्या रविवारी पत्रेवाला येणार आहे. तुझा नवरा म्हणालाय ना, तोवर एक तरी भोपळा धरला तर ही वेलांची पिंपं राहतील, नाहीतर इथे गच्चीवर शेड. बरोबरच आहे म्हणा, घर त्याचं.

सून : घर सगळ्यांचं आहे.

सासरे : हो गं, तुम्ही काही कमी करत नाही. पण दुकान बंद करून इथे आलो, तेव्हापासून खाली साधी खुर्ची सरकवायची तरी विचारतो मी. या पिंपांसाठी कुणाला विचारावं लागत नाही. ती गेली तर मला फार लागेल.

सून : जात नाहीत. ते बघा, मागे लिंबाएवढा भोपळा असलेलं फूल. आजच उमललंय. आता हातातलं ते कापा.

सासरे : आत्ता तर नको म्हणालीस!

सून : आता कामासाठी कापा. पाकळ्या काढा. मधल्या दांडीवर पिवळी भुकटी आहे ना, ती त्या फुलाच्या आत फिरवा. माहेरी आई आमच्या काकडीच्या वेलावर असंच करायची. हलक्या हातानं हं.

सासरे : हलका हात मला शिकवतेस? रेशमावर काजं केलीत मी! हे घे. झालं?

सून : झालं. आणि आता उद्यापासून कात्री माझ्याकडे.

(पुढचा रविवार, सकाळ. गच्चीवर मुलगाही आला आहे.)

मुलगा : बाबा, पत्रेवाला खाली आलाय. पिंपं हलवायला... हे काय लोंबतंय? माझा शर्ट?

सासरे : त्याची बाही. झोळी शिवली. एवढं वजन देठानं कसं पेलावं? आत बघ की!

मुलगा : अरे बापरे! हा नारळाएवढा झाला कधी?

सून : बाबांनी धरवला. स्वतःच्या हातानं.

सासरे : हिनं ओरडून कात्री थांबवली म्हणून. आणि हा एकटा नाही, त्या कठड्यापाशी बघ, आणखी दोन! जिंकलो की नाही? बोल, बोल!

मुलगा : जिंकलात, बाबा. शंभर टक्के जिंकलात. पण शर्ट चांगला होता हो.

सासरे : तुझ्या पोटावर बसत नव्हता. याच्या पोटावर कसा बेतशीर बसलाय बघ.

मुलगा : आता पत्रेवाल्याला काय सांगू?

सून : चहा पिऊन जा म्हणावं.

मुलगा : बरं. बाबा... तुमच्या गच्चीवर बसायला एक खुर्ची आणून ठेवू का?

सासरे : दोन आण. ही पण येते सकाळी.