साउंड कार्डावरचा नंबर

१९९८ साली बारामती-इंदापूर एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ शेजारच्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मुलीशी बोलत होते.

"पोरी, कॉम्प्युटरातनं काढून आणलंय, ह्ये काय हाय बघ. नवं विंडोज टाकल्यापासनं आमच्या कॉम्प्युटरचा आवाजच गेलाय."

"साउंड कार्ड हाय, तात्या. कंपनीचं नाव न्हाय, पर चिपवर नंबर हाय. ह्याचा ड्रायव्हर, म्हंजी ह्ये चालवायचा प्रोग्राम, क्लासात फ्लॉपीवर हाय. उतरल्यावर देते."

"मग वाजंल?"

"वाजंल की. गाणी ऐकायचीत व्हय?"

"न्हाय. आमची मंडळी पौषात वारली. कॉम्प्युटरात तिचा आवाज हाय."

"काय बोलल्यात काकू?"

"लेक माईक तपासत हुता, तवा ती मला हाक मारत हुती, त्येच भरलं गेलं. 'अवो, जेवाय या, भाकरी निवली.'"

"मग गेलासा का?"

"न्हाय. म्हटलं, थांब जरा."