डाव्या पायाचं कुणाला सांगितलं न्हाई

मी रंगनाथ, मूळचा वाटूरजवळच्या खेड्यातला. घरी रान हाय, आजबी हाय, पण आम्ही भाऊ चौघं अन् रान तेवढंच, म्हणून लग्न झाल्यावर मी जालन्याला आलो अन् मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला लागलो. पह्यल्याच दिवशी मुकादम म्हणले, पोतं उचलशीन का रे, म्या म्हणलं उचलतो की, रानात उचललंच हाय, तर ते हसले, म्हणले रानात दिवसाचे दहा उचलत आसशीन, इथं दहा तर चहाच्या आधी व्हत्यात. तसंच झालं. वीस वर्साच्या वर झालं त्याला, तुम्ही वही घेऊन इचारायला आल्या म्हणून सांगतो ताई, या पाठीवरून किती धान्य गेलं ते आता आठवायलाच नको.

आमचं काम आसं, दोघं जण खालून पोतं उचलून देत्यात, तिसरा पाठीवर घेतो अन् फळीवरून ट्रकात चढतो. फळी म्हणजे लाकडाची, वीतभर रुंद, एक टोक जमिनीवर अन् एक ट्रकावर. माणूस चढला की ती झोके घेती, तिच्या झोक्याबराबर आपला पाय पडला पायजे. मी फळीचा माणूस. टोळीत आम्ही सात जण, अन् मला पोतं उचलून द्यायला कायम अजीमभाई. माझ्यापेक्षा पाचसात वर्सानं मोठे, ईदला त्यांच्या घरी मी, पोळ्याला माझ्या घरी ते.

कंबर तर आमच्यात सगळ्यांचीच दुखती, तिला कोण भेतंय. माझी बी दुखायची. मंग डाव्या कुल्ल्यातून कळ निघायला लागली, पार पोटरीपस्तोर जायची, माझी घरची, सुनंदा, ती वीट गरम करून शेकून द्यायची. आसं लई दिवस चाललं, अन् एक दिवस कळ थांबली. मी खूश झालो ताई, म्हणलं सुटलो. मला काय ठावं, कळ गेली तसा पायबी गेला. म्हणजे पाय व्हता, चालायचा, पण मला कळायचा न्हाई.

एकदा कामावरून घरी आलो, सुनंदा दारात भांडे घासून राह्यली व्हती, ती म्हणली, आवो, तुमची एक चप्पल कुठाय. खाली पाह्यलं तर डावा पाय मोकळा. गोदामापासून घर पंधरा मिन्टाचं, रस्ता सगळा खडीचा, तळव्यातून रगत येऊन राह्यलं व्हतं अन् मला बिलकुल पत्ता न्हाई. म्या म्हणलं, तुटली व्हती, फेकून देली. मंग मी आत गेलो, दार लावलं अन् टाचणी घेऊन आंगठ्याला टोचली. काही न्हाई. अजून आत टोचली. काही न्हाई. जशी दुसऱ्याच्याच पायाला टोचून राह्यलो. तव्हा जी भीती पोटात शिरली ना ताई, ती आजपस्तोर पुरती निघली न्हाई.

तुम्ही म्हणताल, सांगितलं काऊन न्हाई. आमच्या टोळीत एक म्हातारे व्हते, त्यांनी एकदा सांगितलं की आता जमंना. कुणी वाईट बोललं न्हाई त्यांना, उलट म्हणले बसा दादा, आराम करा, हातात झाडू देला. महिन्याभरानं ते यायचेच बंद झाले, अन् त्यांच्या जागी दुसरा आला, त्यांचं नावबी कुणी काढंना. ते माझ्या डोळ्यासमोर व्हतं. अन् दवाखान्यात जावं तर लोक म्हणायचे, मणक्याला हात लावला की माणूस खाटंवरच. मंग म्या माझ्या मनानं इलाज काढला, पाय कळत न्हाई तर डोळ्यानं पाहून ठेवायचा. फळीवर चढताना माझी नजर सारखी डाव्या पंजावर. ठेवला का, ठेवला. आता दुसरा. पोत्याच्या वजनानं न्हाई, ह्या पाहण्यानंच घाम फुटायचा.

त्या दिवशी मका भरून राह्यलो व्हतो, सकाळचे अकरा वाजले आसतीन. अर्ध्या फळीवर डावा पाय ठेवला, मला दिसला बराबर ठेवलेला, अन् गुडघा खाली गेला. पोतं पाठीवरून सुटलं. खाली अजीमभाई पुढचं पोतं धरायला वाकले व्हते. म्या ओरडलो, पण काय ओरडलो ते मला आठवत न्हाई, त्यांचा आवाज तेवढा आठवतो. पोतं त्यांच्या खांद्यावर पडलं, गळ्याजवळचं हसळीचं हाड मोडलं. ताई, खांदा अन् मान, मधी चार बोटाचं अंतर असतं. चार बोटं.

सगळे म्हणले फळी सरकली. मुकादम म्हणले फळी सरकली, गोदामाचे शेठबी तेच म्हणले. मी तोंड उघडलं न्हाई. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, गळ्यात हात बांधून बसले व्हते, म्या म्हणलं अजीमभाई, फळी सरकली न्हाई, माझा पाय मेलाय, मला ठावं व्हतं अन् मी चढलो. मला वाटलं आता हाकलून देतीन. ते म्हणले, मेरेकू मालूम था रंगनाथ, महीने भर से तेरा पाँव घिसट रहा था, मैंने देखा था. मंग दुसरा हात पुढं केला, उजवा, न मोडलेला, म्हणले ये देख, गिलास पकडता तो गिर जाता, उंगलियाँ सुन्न हैं, तू बोला नहीं, मैं बी बोला नहीं.

मला माफी मिळाली म्हणून बरं वाटावं का न्हाई? पण मी अजूनच भेलो. ज्याच्या हाताला कळत न्हाई तो पोतं उचलून देतो, ज्याच्या पायाला कळत न्हाई तो घेऊन चढतो, अन् दोघंबी एकमेकाकडं पाहून हसतो.

मंग सुनंदाला सगळं सांगितलं, तिनंच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले मणक्यामधली गादी सरकून पायाची नस दबली. मंग इचारलं, लघवीचं कळतं का? म्या म्हणलं कळतं. ते म्हणले, नस पुरती दबली की तेबी कळत न्हाई, ज्या दिवशी कळणार न्हाई त्याच दिवशी यायचं, उद्या म्हणायचं न्हाई. ते ऐकून सुनंदानं माझं मनगट जे धरलं ते सोडलंच न्हाई. पायाची ताकद चालली म्हणून ऑपरेशन झालं. पुढं व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम व्हत्या, त्यांनी रिकामी बादली उचलायला लावली अन् म्हणल्या, काका, तुम्ही कमरेतून वळता, पायानं वळा, वजन पोटाशी धरा. अन् इचारलं, पोतं उचलायला जमिनीवर ठेवता कशाला? वीस वर्सात आसं कुणी इचारलं नव्हतं.

मोंढ्यात परत गेल्यावर मी टोळीसमोर उभा राह्यलो अन् खरं सांगितलं. मंग एक जण म्हणला माझा गुडघा, एक म्हणला माझी मान, सातच्या सात निघले. मंग सगळे मिळून मुकादमाकडं गेलो, शेठकडं गेलो. कंबरेइतका ओटा बांधून घेतला, पोतं आता त्याच्यावर येतं, वाकायचं काम न्हाई. फळी रुंद झाली, तिला आडव्या पट्ट्या ठोकल्या. पन्नास किलोच्या वर न्हाई आसंबी ठरलं, पण हंगामात जड पोते अजून येत्यात, तव्हा भांडावं लागतं.

अजीमभाई आता पोत्याचे तोंड शिवत्यात, त्यांच्या बोटांची जाण अर्धी परत आली. माझ्या टाचेला कळतं, आंगठ्याला न्हाई. मी चढत न्हाई, फळीपाशी उभा राहून चढणाराचे पाय पाहतो, पाय घासला की थांब म्हणतो, मंग तो चिडला तरी चालन. पण एखाद्याचा घासलेला पाय माझ्या नजरंतून सुटला तर, ह्याची धास्ती रोज हाय.

चालायचंच ताई, एवढं राह्यलं ते बी थोडं न्हाई. अन् तुम्ही मघाधरनं मान खाली घालून लिहून राह्यल्या, दोनदा मनगट झटकलं, म्या पाह्यलं. मुंग्या येऊन राह्यल्या का? मंग ठेवा ती वही, उठा, जरा उभ्या राहा. अन् हसू नका, घरी गेल्यावर कुणाला तरी सांगा.